सपाट कोळवं

रोज एकशेचाळीस ग्रॅम तांदूळ पोटात गेलेच पाहिजेत, असं हॉस्पिटलातल्या आहारतज्ज्ञ बाईंनी सांगितलं. कोरडे, शिजवायच्या आधीचे. औषधांनी आईचं तोंड आतून सोलून निघालं होतं. भाकरीचा घास उतरत नव्हता, म्हणून गुरगुट्या भात, मुगाची डाळ आणि तूप. वजन असंच उतरत राहिलं तर औषध थांबवावं लागेल, असं डॉक्टर आधीच बोलले होते. तेव्हापासून माझ्या डोक्यात तो एकच आकडा.

उपचारासाठी आई-वडील नेवाशाकडच्या गावाहून माझ्याकडे भिंगारला आले होते. येताना आईनं कपडे कमी आणि भांडीच जास्त आणली. त्यात धान्य मोजायचं कोळवंही होतं, पितळी, पेल्याएवढं. मी दिवसभर कामावर, त्यामुळे चूल वडिलांच्या ताब्यात. त्यांच्यासाठी मी हौसेनं किचनचा काटा मागवला. त्यांनी त्याच्याकडे धड बघितलंही नाही.

"काट्यावर सोनं मोजत्यात. तांदळाला कोळवं हाय की."

त्यांच्याशी वाद घालणं म्हणजे भिंतीवर डोकं आपटणं. मग मी त्यांनाच कोळवं भरायला लावलं. त्यांनी ते काठोकाठ भरलं, वर तांदळाची टोकदार शीग लावली. मी ते काट्यावर ओतलं. एकशेचाळीस! मला इतका आनंद झाला की जणू आई बरीच झाली. "बस, रोज एवढंच घाला," मी म्हणाले.

पुढच्या तपासणीला वजन उतरलं होतं. मी घरी येऊन वडिलांना फैलावर घेतलं. ते एवढंच म्हणाले, "रोज शीग लावूनच घेतो, पोरी."

मग एक दिवस मी रजा टाकली. सकाळी वडिलांनी शिगेचं कोळवं आईपुढं ठेवलं, कारण तांदूळ निवडायचं काम तिनं अजून सोडलं नव्हतं. आईनं तळहात कोळव्याच्या काठावरून फिरवला, वरची शीग परत डब्यात लोटली आणि सपाट कोळवं ताटात ओतलं. वडील शेजारीच उभे होते. मी ताटातले तांदूळ हिसकावून काट्यावर टाकले. एकशेदहा भरले.

"रोज असंच करतेस?" मी ओरडलेच.

"घरच्याला शीग लावत न्हाईत गं," आई म्हणाली. "शीग द्यायच्या मापाला. बाया कामाला आल्या, कुणी दारात आलं, त्यांना."

"आणि तुम्ही बघत राहिलात?" मी वडिलांकडे वळले.

"तिचं माप तीच करती," ते म्हणाले. "आमी कदी हात लावला न्हाई."

मजुरी धान्यात द्यायचे दिवस कधीच सरले. आता बायांचे पैसे फोनवरून जातात. तरी ही बाई मरणाच्या दारात बसून न आलेल्या माणसांसाठी तांदूळ राखत होती. मला तिचा भयंकर राग आला. तीस ग्रॅमनं काही फरक पडला नसता, हे डॉक्टरांनी नंतर मला समजावलं. मलाही ते कळत होतं. पण राग कुठंतरी काढायचाच होता.

त्यानंतर कामावर निघण्याआधी मी स्वतः तांदूळ मोजू लागले. आईनं ते मुकाट्यानं चालवून घेतलं. पण आता अर्धा भात ताटात उरायचा, आणि वडील तो माझ्या नकळत स्वतः खाऊन ताट धुऊन ठेवायचे, हे मला फार उशिरा कळलं.

शेवटच्या तपासणीला डॉक्टरांनी औषध थांबवलं. "घरी घेऊन जा. त्यांना आवडेल ते द्या. आता मोजत बसू नका," ते म्हणाले.

घरी आल्यावर आई पडून राहिली. वडिलांनी तांदळाचा डबा उघडला, काटा स्वतःच पुढं ओढला आणि मला विचारलं, "आता किती घालू?"