सुटलेली तार

लडकूभाऊंचं आयुष्य तारा जोडण्यात गेलं. निजामपुऱ्यातल्या कापडाच्या कारखान्यात लूमवर उभ्या सुताचा नवा बीम चढला, की जुन्या ताण्याच्या एकेका तारेला, म्हणजे धाग्याला, नवी तार पिळून जोडायची. अशा हजारो तारा. तीस वर्षं खारबावहून ये-जा करून माणूस पार पिकून गेला होता.

२००९च्या डिसेंबरात ते टेमघरला माझ्या घरी आले. मी जीवशास्त्र शिकवून कंटाळलेला मास्तर, त्यांचा मुलगा सागर माझा जुना विद्यार्थी. सागरच्या तीन महिन्यांच्या मुलीचा रिपोर्ट त्यांच्या हातात होता. शेहेचाळीसच्या जागी सत्तेचाळीस गुणसूत्रं. डाउन सिंड्रोम.

घरचा निकाल आधीच लागला होता. जुलैतल्या ग्रहणात गरोदर सुनेनं, मेघालीनं, सुईदोरा हातात घेतला म्हणून पोर असं झालं, असं लडकूभाऊंच्या बायकोचं, गुणाबाईंचं म्हणणं. मेघाली बाळंतपणाला इथंच टेमघरला माहेरी आलेली. तिला परत आणायचं नाही, असं गुणाबाईंनी बजावलं होतं. सागर आईपुढे तोंड उघडत नव्हता. मला त्याचा रागच आला. पेशीविभाजनाच्या आकृतीला पैकीच्या पैकी गुण घेतलेला मुलगा!

मी तीच आकृती वहीत काढली. पेशी दुभागण्याआधी गुणसूत्रांच्या जोड्या मधोमध उभ्या राहतात. दोन्ही टोकांकडून धागे येऊन प्रत्येक जोडीला जुळतात. एखादी जोडी ढिली असेल तर पेशी थांबते. सगळीकडे ताण बसला, की मगच जोड्या सुटून अर्धं इकडे, अर्धं तिकडे जातं.

लडकूभाऊ पुढे सरकले. "आमीपन तसाच करतो, सर. लूम चालू करायच्या आदी ताण्यावर हात फिरवतो. ढिली तार हाताला लागते."

एवढं करूनही एखादी सुटते का, त्यांनी विचारलं. सुटते, मी म्हणालो. मग एक गुणसूत्र जास्तीचं एकीकडे जातं. त्यात कोणाचाच गुन्हा नसतो. बहुतेकदा ही चूक आईच्या बीजातच, गर्भ राहायच्या आधी झालेली असते.

"मंजे गरनाच्या आदी?"

"ग्रहणाच्या बऱ्याच आधी."

ते कितीतरी वेळ शर्टाच्या बटणाशी चाळा करत बसले. मग हळूहळू सांगितलं. त्या दिवशी सकाळी सातची ड्युटी होती आणि बटण तुटलं होतं. आभाळ भरलेलं, ग्रहण दिसतच नव्हतं. लाव पटकन, असं सुनेला त्यांनीच म्हटलं होतं. गुणाबाईंनी तिच्या हातातली सुई पाहिली, बटण कोणाचं ते विचारलं नाही.

"मी भ्यालो, न्हाय बोललो," ते म्हणाले. "पन सूनपन न्हाय बोलली, सर. तीन महिने सगला आयकून घेतला तिनं."

त्यांचे डोळे भरून आले होते. रिपोर्टची घडी घालत त्यांनी विचारलं, घरी हे सगळं समजावू कसं?

"आधी बटणाचं सांगा," मी म्हणालो. "आकृतीचं नंतर."

ते उठले आणि स्टेशनची वाट सोडून मेघालीच्या माहेराकडे गेले.