तिच्या वाटचं रडणं

अकरा वर्षं मी एका अमेरिकन नटीच्या तोंडून मराठी बोलत होते, तेही मंगरूळपीरला, घरातल्या धान्याच्या खोलीत बसून. तिच्या मालिका आणि सिनेमे मराठीत आले की तिचा आवाज माझा असायचा. तिला माझा पत्ता नव्हता याचं मला काही वाटलं नाही, कारण मंगरूळपीरलाही तो नव्हता. एका नातेवाइकांनी सगळं नीट ऐकून घेतलं, मान डोलावली आणि विचारलं, "मंग त्यात तुया फोटो काहून नाई येत?" पालथ्या घड्यावर पाणी. मी पुन्हा समजावलं नाही.

नटीची कारकीर्द मला तोंडपाठ आहे. सुरुवातीला ती दवाखान्याच्या एका मालिकेत नर्स होती आणि सात भाग नुसतं "डॉक्टर, लवकर या" म्हणत होती. मग पोलीस अधिकारी झाली आणि उंच टाचांचे बूट घालून चोरांच्या मागे धावली. मग सिनेमे. चार सिनेमांत ती नायकाची वाट पाहत खिडकीत उभी राहिली आणि पाचव्यात त्याच नायकाची आई झाली. नायक वयाने तिच्याहून मोठा होता, पण त्याला केस काळे करायची परवानगी होती. पुढे बरीच वर्षं तिला कोणी विचारलं नाही आणि पन्नाशी उलटल्यावर मोबाइलवरच्या मालिकांनी तिला पुन्हा शोधून काढलं. तिकडे याला पुनरागमन म्हणतात. आमच्याकडे 'ही अजून आहे का' म्हणतात.

तिच्या अभिनयाबद्दल माझं मत फारसं बरं नाही. तिला रडणं एकच येतं. नवरा गेला, नोकरी गेली, कुत्रं हरवलं, तरी रडणं तेच. हनुवटी थरथरते, नाकाने तीन छोटे श्वास, डाव्या गालावर एक थेंब, आणि झालं. काजळसुद्धा जागचं हलत नाही. ते तीन श्वास मी इतके घोटले होते की पडद्याकडे न बघता काढायची. पुण्याचा आमचा दिग्दर्शक कानातल्या यंत्रातून म्हणायचा, "ताई, तुमचं रडणं एकदम क्लीन असतं." हा माणूस अकरा वर्षं माझ्या बोलण्यातलं वऱ्हाड तांदळातल्या खड्यासारखं निवडत बसला होता. एखादा स्वर जरा लांबला की, "ताई, टोन आला, परत घेऊ." ज्वारीच्या कोठ्यांच्या मधे, चारी भिंतींना गाद्या टांगलेल्या, आवाज येतो म्हणून पंखा बंद, मे महिना, आणि याला टोन येत होता.

खरं सांगते, मला त्या क्लीन रडण्याचा गर्व होता. माझ्या माहेरी, धनजला, मयत झालं की बाहेरगावची बाई गल्लीच्या तोंडापासूनच हेल काढते. गेलेल्याने काय काय केलं, कोणाला काय खाऊ घातलं, आता कोण विचारेल, सगळं रडण्यातच सांगायचं. लेकीचं रडणं तर सगळं गाव कान देऊन ऐकतं. माझी मावशी यात पटाईत. एकदा तिने हेल अर्ध्यात थांबवून "च्या ठेवला का वं कोनं?" असं विचारलं आणि पुढचं वाक्य बरोबर सुरात उचललं. मी हे सगळं नाटक समजायची. नाटकाचं मलाच जास्त कळतं असा माझा समज होता.

मग माझी आई गेली.

मी धनजला उतरले तेव्हा बायका ओसरीवर बसूनच होत्या. "लेक आली," कोणीतरी म्हणालं आणि सगळ्या गप्प झाल्या. आता माझी पाळी होती. गल्लीच्या तोंडाशी मी तोंड उघडलं, तर काय यावं? हनुवटी थरथरली. नाकाने तीन छोटे श्वास. पुढे काहीच नाही. मी आईजवळ जाऊन बसले तरी तेच. माझ्या आईसाठी माझ्या अंगातून ती अमेरिकन बाई रडत होती, आणि तीही वाईट रडत होती. मावशीने मला गळ्याशी घेतलं आणि कानात म्हणाली, "रड ना वं बाई. लोकं पाहून राह्यले." मला रडायचं होतं हो. पण येत नव्हतं.

तेरवीपर्यंत माझ्या न रडण्याची चर्चा घरोघर पोचली. "तिले काय, ते मशीनवाली हाय," असं एक बाई मला ऐकू जाईल इतक्या जोरात म्हणाली. मी त्या बायकांना मनातल्या मनात खूप नावं ठेवली. त्यांची चूक काय होती ते मात्र मला सापडलं नाही.

तेरवीनंतर मावशी थोडे दिवस माझ्याकडे राहायला आली, आणि त्याच आठवड्यात पुण्याहून फोन आला. नटीची नवी मालिका येत होती, तिच्या कारकिर्दीतलं सगळ्यात मोठं काम. शेतावर राहणारी विधवा बाई, आणि तिची म्हातारी आई मरते. आवाजासाठी या वेळी आई मरते तो प्रसंग पाठवून चार-पाच जणींना ऐकणार होते. "ताई, वरच्यांना अस्सल गावाकडचं हवंय," दिग्दर्शक म्हणाला. "जरा तुमचा तो टोन येऊ द्या." अकरा वर्षं निवडून फेकलेले खडे आता हा मुठीने मागत होता. मला त्याला चार शब्द सुनवायचे होते, पण काम हवं होतं. तिच्या तोंडून दुसरी कोणी बोलेल हे मला चालणार नव्हतं. जिला मी इतकी नावं ठेवते, तिच्याशिवाय माझ्याकडे होतंच काय?

मी खोलीचं दार लावलं, पंखा बंद केला. पडद्यावर नटी आईच्या पलंगावर वाकली. हनुवटी थरथरली. मी पहिला श्वास घेतला आणि तो नाकातून बाहेर आलाच नाही, पोटात गेला. तिथून जे वर आलं ते माझ्या ओळखीचं नव्हतं. "माय वं... आता मले धनजले कोन बलावन वं... वाटेकडं कोन पाहीन वं माय..." प्रसंग संपला. पडद्यावर नटी गाडी चालवत होती, तोंड मिटून, आणि माझा हेल चालूच होता. दार उघडलं गेलं. मावशी आत आली, माझ्याजवळ खाली बसली आणि माझ्या सुरात सूर मिसळून बहिणीसाठी रडायला लागली. आम्ही दोघी ज्वारीच्या कोठीला टेकून किती वेळ रडलो कोण जाणे. ते सगळं मशीनवर उतरलं, आणि मी ते तसंच पाठवून दिलं.

"ताई, ऐकून काटा आला," दिग्दर्शक दुसऱ्या दिवशी म्हणाला. "पण बाईचं तोंड बंद आहे हो. आणि दुसरा आवाज कुणाचा? एक क्लीन टेक द्या, नेहमीसारखा." मी त्या दिवशी नऊ वेळा प्रयत्न केला. पडद्याकडे न बघता यायचे ते तीन श्वास काही केल्या आले नाहीत. दहाव्या वेळी मी मशीन बंद केलं.

काम पुण्याच्या एका बाईला मिळालं. मालिका आली तेव्हा मावशी पुन्हा माझ्याकडेच होती. आम्ही मोबाइल डब्याला टेकवून बघायला बसलो. नव्या बाईची गावरान बोली कोणत्याच गावची नव्हती, पण तीन श्वास तिने अगदी नीट काढले. माझ्यापेक्षाही स्वच्छ. मावशीने डोळे बारीक करून तो प्रसंग शेवटपर्यंत पाहिला.

"इची माय मेली नाई वं," ती म्हणाली. "इले कोनं तरी तसं सांगतलं हाय. च्या ठेव."