ऐकणाऱ्या मॅडम

"आधी पाणी प्या, मंग बोलू," असं म्हणून त्या पेला पुढं सरकवायच्या. भोकरदन तालुक्यातल्या आमच्या सरकारी दवाखान्यात त्या समुपदेशक होत्या. मी समोरच्या खिडकीत औषधं द्यायचो.

त्यांची खोली म्हणजे जुनं भांडारघर. प्लायवूडची भिंत छतापर्यंत पोचत नव्हती, म्हणून थंडीतही त्या खडखडणारा पंखा लावायच्या. "बायांचं बोलणं बाहेर नको जायला, दादा." समोरची बाई कुडकुडायला लागली की स्वतःची शाल तिला द्यायच्या. सल्ला काय देता, असं एकदा विचारलं तर हसल्या. "सल्ला द्यायला अख्खं गाव हाय. ऐकायला कोणी न्हाई."

हसनाबादकडची एक तरुण बाई त्यांच्याकडं येऊ लागली. मग एक दिवस तिचा नवरा आला. इस्त्रीचा शर्ट, मऊ आवाज.

"बायको काय सांगून राह्यली तुम्हाला?"

"ते तिचं हाय. तुमचं काही बोलायचं असंल तर बसा."

तो बसला. बराच वेळ बोलला. जाताना मला हसून नमस्कारही केला.

मॅडम बाहेर आल्या तेव्हा त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. "खोलीतलं मी कधी बाहेर काढत न्हाई, दादा. पण हा तिला जित्ती ठेवायचा न्हाई."

त्यांनी पोलिसांना फोन केला. "घरगुती मामला आहे, बघू," एवढंच उत्तर आलं. शेवटी गावच्या आशा कार्यकर्तीला सोबत घेऊन त्या स्वतः जीपनं गेल्या आणि त्या बाईला धावड्याला, तिच्या भावाकडं पोचवून आल्या.

तेव्हापासून तिचा नवरा रोज दवाखान्यात येऊन बसू लागला. भांडण नाही, शिवी नाही. कुणी हटकलं तर, "बीपी तपासायचाय." अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील, बोट ठेवायला जागाच देत नाहीत. मॅडमना म्हटलं, सुट्टी घ्या. तर म्हणाल्या, "मी दार लावलं तर बाकीच्या बाया कुठं जातील?"

केदारखेड्याच्या रस्त्यावर एका संध्याकाळी त्यांच्या स्कूटीला मागून गाडीनं उडवलं. गाडी सापडली नाही. जीव वाचला, चालणं गेलं. त्यांच्या नोकरीचं कंत्राट संपलं, ते पुन्हा झालं नाही. धावड्याला पोचवलेली बाई सुखरूप आहे, हे मी फोनवर सांगितलं तेव्हा त्या कितीतरी वेळ रडत होत्या.

खोलीला आता कुलूप आहे. बाया येतात, कुलूप बघून परत फिरतात.

परवा औषधाच्या रांगेत तो उभा होता. चिठ्ठी खिडकीतून आत सरकवत हळूच म्हणाला, "साहेब, नव्या मॅडम कधी येणार?"