सुई लागली म्हणून

माझा नवरा सुईनं मेला, असं माझ्या भासऱ्यांनी, म्हणजे त्याच्याच थोरल्या भावानं, तेराव्याला सुलतानपुरात भरल्या पंगतीत सांगितलं. मी आत भिंतीशी बसले होते. बाहेर जाऊन त्यांचं ताट उलथवावंसं वाटलं. नाही उलथवलं, याचा अजून पस्तावा होतो.

गळ्यावर गाठ आली तेव्हा टमाट्याचे तोडे चालू होते. लिंबाएवढी गाठ बघता बघता मुठीएवढी झाली, आवाज बसला. लोणारच्या डॉक्टरनं सुईची तपासणी सांगितली. भासरे आडवे आले.

"गाठीले सुई लागू द्यायची नसते. डिवचली का पसरते. लेप लावा."

घरात त्यांच्या शब्दापुढे कोणी जात नसे. लेप लागला. मग ह्यांना आडवं झोपता येईना, तेव्हा कोणालाही न विचारता मी गाडी करून संभाजीनगरला नेलं. तिथं सुई लागली. थायरॉईडचा कॅन्सर निघाला, क्वचित होणारा आणि सगळ्यांत वाईट जातीचा. कापून काढण्यापलीकडे गेला होता. श्वासासाठी गळ्याला छिद्र पाडलं, रेडिएशनचे शेक दिले. छिद्र पडलं आणि बोलणं बंद झालं.

"आधी आणलं असतं तर?" मी डॉक्टरीणबाईंना विचारलं.

"वाचलेच असते असं नाही म्हणत. थोडे दिवस मिळाले असते."

ते दिवस भासऱ्यांनी खाल्ले. माझ्याशी बोलायचे दिवस होते ते.

पुढच्या वर्षी त्यांच्याच सुनेच्या गळ्यावर गाठ आली. पुन्हा तोच लेप. मी तिला म्हटलं, "चाल माह्यासंग."

"मामाजी काय म्हणतीन, काकू?"

"मले तेच पाह्यचं हाय."

मी दयेनं नेलं नाही. सुई लागूनही ती जगली पाहिजे, म्हणजे हा माणूस गावासमोर खोटा पडेल, एवढंच डोक्यात होतं. सुई शिरताना तिनं माझं मनगट घट्ट धरलं. मी देवाला मागितलं ते तिच्यासाठी नव्हतं.

तिचाही कॅन्सरच निघाला, पण बरा होणाऱ्यातला. ऑपरेशन झालं. आता रोज एक गोळी घेते आणि शेतात जाते. भासरे सुईचं नाव काढत नाहीत.

परवा माझ्या दारात येऊन बसले. म्हणाले, "तुमच्यानं पोर वाचली."

"हाव, भाऊजी. तुमच्या घरचं माणूस वाचलं."

ते रडायला लागले. त्यांना रडताना पाहिलं की मला बरं वाटेल, असं मी धरून चालले होते. समोर बसून शेवटपर्यंत पाहिलं. माझं पोट भरलं नाही.