तिसऱ्या दांड्याचं बेअरिंग

मनोहरभाऊ गेल्याचा फोन त्यांच्या पत्नीनं, कुसुमताईंनी, स्वतःच केला. सकाळची वेळ होती, मी दाढी करत होतो. "विनायकराव, निघा," एवढंच त्या म्हणाल्या. कुठं, कशाला, हे विचारावं लागलं नाही. उन्हाळ्यापासून भाऊंची तब्येत ढासळतच चालली होती. यवतमाळहून बोरी अरबला जाताना एसटीत माझ्या मनात दुःखाच्याही आधी जे आलं, ते लिहिलंच पाहिजे. मला वाटलं, सुटलो. आता त्यांना काही सांगायची गरज उरली नाही. दारव्ह्याकडे जाणाऱ्या त्या रस्त्यावर दोन्ही बाजूंना सोयाबीन पिवळं पडत होतं आणि मी, त्यांचा सख्खा साडू, खिडकीशी बसून सुटकेचा श्वास घेत होतो. त्याला आता काही आठवडे झाले. सुटका काही झालेली नाही.

मनोहरभाऊ वणीकडच्या एका कोळसा खाणीच्या वर्कशॉपमध्ये फोरमन होते. माझं आयुष्य यवतमाळला कोर्टाच्या कचेरीत गेलं. आमच्या बायका बहिणी, म्हणून आमची ओळख, पण पुढं ती बहिणींपेक्षा आमचीच जास्त झाली. भाऊंचा आवाज मोठा, हसणं त्याहून मोठं. मला ते 'कारकून साहेब' म्हणायचे आणि माझ्या स्कूटरचा आवाज फाटकातून ऐकूनच सांगायचे, "कारकून साहेब, चेन ढिली झाली तुमची. फायलीत घातली तेवढी मान इकडंही घालत जा कधी." आपल्या हातांचा त्यांना गर्व होता आणि तो ते लपवत नसत.

खाणीच्या गेस्ट हाऊसच्या बागेत गवत कापायचा एक लहानसा विलायती ट्रॅक्टर होता. कोणत्या जमान्यातला कोण जाणे, रंग उडालेला, हेडलाइट फुटलेले. पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मधे, पोटाखाली, उपडी परात टांगावी तसं पत्र्याचं भलंमोठं झाकण होतं आणि त्याच्या आत गरगर फिरणारी तीन पाती. भाऊ रिटायर झाले त्याच सुमारास तो भंगारात निघाला, तेव्हा त्यांनी लिलावात घेतला आणि ट्रकवर घालून बोरी अरबला आणला. त्यांच्या शेतात थोडी संत्र्याची झाडं होती, त्यांच्या मधलं गवत काढायला म्हणून. गावात हसायला लोकांना निमित्तच मिळालं. "भाऊ, एवढ्याशा ट्रॅक्टरनं काय वखरता?" कोणीतरी विचारलं. भाऊ म्हणाले, "वखरत नाई बाप्पा, चारतो." तेव्हापासून गावभर त्या ट्रॅक्टरचं नाव 'बकरी' पडलं. गावाबाहेर क्रिकेटचं मैदान आहे. पावसाळा संपला की तिथं कमरेएवढं गवत माजायचं. टुर्नामेंटच्या आधी भाऊ बकरी घेऊन जायचे आणि दुपारपर्यंत मैदान चटईसारखं करून द्यायचे. टूल बॉक्सवर मांडी घालून बसलेला मी त्यांना बघायचो. नोकरीत मी कधी कोणाला एवढं सुखी पाहिलं नव्हतं.

एका वर्षी बकरी ओरडायला लागली. पाती फिरवली की पोटातून दळल्यासारखा आवाज यायचा. भाऊंनी पातं धरून वर-खाली हलवलं, ते डुगडुगत होतं. "बेअरिंग गेले," ते म्हणाले. "तिन्हीचे बदलू. एकाचे गेले म्हंजे बाकीचेही वाटेवरच आहेत." आम्ही दोघांनी ते झाकण ट्रॅक्टरखालून ओढून काढलं आणि अंगणात बाजेवर उलटं ठेवलं. पातं फिरू नये म्हणून मधे लाकडाचा ठोकळा अडकवून त्यांनी नट सोडवले, गंजलेल्यांना आदल्या दिवसापासून डिझेल पाजून ठेवलं होतं. प्रत्येक पातं एका उभ्या दांड्यावर फिरतं आणि त्या दांड्याला वर-खाली एकेक बेअरिंग असतं. जुनी बेअरिंगं त्यांनी तांब्याच्या सळईनं चारी बाजूंनी हलके टोले देत बाहेर काढली. नवी बसवताना आधी गरम तेलात सोडायची म्हणजे ती फुगतात आणि दांड्यावर सहज उतरतात. त्यासाठी भाऊंनी स्वयंपाकघरातून कढई उचलली. कुसुमताई मागोमाग आल्या. "माह्या भज्याच्या कढईत लोखंड तळता काय?" भाऊ म्हणाले, "तुमच्या भज्यांपेक्षा नरम होतात, पाहा तं खरं." मी हसून हसून बाजेवरच बसलो.

पहिलंच बेअरिंग चढवून पाहिलं तेव्हा अडचण कळली. यंत्र विलायती, त्याचं माप इंचातलं. इकडे दुकानात मिळणारं बेअरिंग मिलिमीटरमधलं. दांड्यावर ते सैल बसे, नखाच्या जाडीहून थोडी जास्त फट राही. ती भरायला पितळेचा बुश हवा, म्हणजे बांगडीसारखी नळी, लेथच्या यंत्रावर अगदी मापात कातलेली. तीन दांड्यांचे बुश भाऊंनी यवतमाळच्या एका लेथवाल्याकडे टाकले. तेवढ्यात त्यांना वणीला एका जुन्या सहकाऱ्याच्या तेरवीला जावं लागलं. दुसऱ्या दिवशी दुपारी टुर्नामेंटचं उद्घाटन होतं. निघताना म्हणाले, "कारकून साहेब, बुश आनून बेअरिंग चढवून ठेवा. तुमी पाह्यलंच आहे सगळं. नट मी आल्यावर आवळतो."

लेथवाल्यानं दोन दांड्यांचे बुश हातात दिले. तिसऱ्याचे बाकी होते. "लाइन गेली होती काका, संध्याकाळी या," तो म्हणाला. मी थांबू शकलो असतो. मुक्कामाला माझं स्वतःचं घर यवतमाळलाच होतं. पण भाऊ येण्याआधी सगळं जोडून ठेवायचं, त्यांनी शाबासकी द्यायची, हे माझ्या डोक्यात बसलं होतं. मी दुपारच्या गाडीनं बोरी अरबला आलो. दोन दांडे बुश घालून नीट केले. तिसऱ्या दांड्याला तेलाच्या डब्याच्या पत्र्याची पट्टी कापून गुंडाळली आणि बेअरिंग त्यावर ठोकून बसवलं. बसलं ते, घट्ट बसलं. वरून ग्रीस भरलं की काही दिसत नव्हतं.

भाऊ आले, चहाही न घेता अंगणात बसले. एकेक दांडा हातानं फिरवून कान लावला. मग मला विचारलं, "तिन्ही बुश बसले?"

मी म्हणालो, "बसले."

त्यांनी तिन्ही नट आवळले आणि माझ्या पाठीवर थाप मारली... ती थाप मला हवी होती, ती मिळाली.

सकाळी मैदानावर निम्मं गवत कापून झालं असेल. मी उद्घाटनाच्या मांडवात होतो. अचानक खडखड झाली, मग बंदुकीसारखा आवाज. तिसरा दांडा कलला, पातं झाकणाच्या पत्र्यावर आदळून तुटलं आणि त्याचा तुकडा सुटला. पानटपरीवाला गजानन सीमारेषेची चुन्याची रेघ मारत होता. तुकडा त्याच्या नडगीवर बसला. सगळे त्याच्याकडे धावले, भाऊ तर ट्रॅक्टरवरून पडत-झडत धावले. जीपमध्ये घालून त्याला यवतमाळला नेलं. पाय वाचला, पण तेव्हापासून तो पाय ओढत चालतो.

सगळे गजाननसोबत गेले तेव्हा मी बकरीजवळ थांबलो. तिसरा दांडा वाकून बाहेर आला होता, पत्र्याच्या चिंध्या त्याला चिकटून होत्या. मी तो पोत्यात गुंडाळला आणि शेतामागच्या पडक्या विहिरीत टाकला. भाऊंनी परत आल्यावर विचारलं, तेव्हा गर्दीत कोणी उचलला असेल, म्हणालो.

मग भाऊ आपल्या मनाशीच तपास करत राहिले. त्यांच्या हिशेबानं बेअरिंग नवे, बुश मापात, बसवणारा भरवशाचा. राहिला तो फक्त नट. नट त्यांनीच आवळला होता आणि नट जास्त आवळला तर बेअरिंग जळतं, हे त्यांनीच मला शिकवलं होतं. ग्रामपंचायतीपुढं चार माणसांत त्यांनी सांगून टाकलं, "चूक माही आहे. नट मी जास्त आवळला." गावानं ते लक्षात ठेवलं. भाऊ कुठं बाटलीचं बूच लावत असले, सायकलच्या नटाला हात घालत असले, की कोणी ना कोणी म्हणायचंच, "फोरमन साहेब, जरा कमी आवळा!" सगळे हसत. भाऊही हसत. मीही हसलो आहे त्यात, एकदा नाही, कितीदा तरी.

त्यांनी टूल बॉक्स एका वेल्डिंगवाल्याला देऊन टाकला. बकरी गोठ्याच्या भिंतीशी उभी राहिली आणि कोंबड्या तिच्यावर बसू लागल्या. माझ्या स्कूटरच्या आवाजाबद्दल त्यांनी पुन्हा कधी काही म्हटलं नाही. मला वाटायचं, वय झालं. खरं तर त्यांना काय झालं होतं ते मला माहीत होतं, वयाचं नाव सोयीचं होतं.

या उन्हाळ्यात मी त्यांना सांगायचं ठरवून गेलो होतो. ते बाजेवर पडून होते, आवाज खोल गेलेला. माझा हात धरून तेच आधी बोलले, "विनायकराव, त्या दिवशी तुमी एवढी मेहनत घेतलती, अन मी एका हिसक्यात वाया घालवली. माफ करा मले." कारकून साहेब नाही म्हणाले. मी घोटभर पाणी प्यायलो आणि म्हणालो, "जाऊ द्या भाऊ, होते असं." म्हणजे मी त्यांना माफ केलं! ही आमची शेवटची भेट.

तेरवी आटोपल्यावर पाहुणे पांगले, तेव्हा मी कुसुमताईंना सगळं सांगितलं. त्या तांदूळ निवडत होत्या, निवडतच राहिल्या. एक खडा बाजूला टाकून म्हणाल्या, "मले सांगून काय होते? ज्या गावानं त्यायले हसून हसून गप केलं, त्याले सांगा. अन गजाननले आधी सांगा."

मी टपरीवर गेलो. गजाननानं ऐकून घेतलं, पानाला चुना लावता लावता थांबला. "भाऊ दर शुक्रवारी येत माह्याकडं," तो म्हणाला. "पायाकडं पाहत, कसा आहे विचारत, अन जात. मी म्हनो, कायले येता एवढ्या उन्हात?... तुमी कधी आले नाई काका." एवढं बोलून त्यानं पुढच्या गिऱ्हाइकाकडं तोंड केलं. गावासाठी म्हणून हे मी इथं लिहितो आहे. वर्तमानपत्राच्या या पुरवणीचे वाचक बोरी अरबमध्ये आहेत. त्यांनी वाचावं की मनोहरभाऊंनी नट बरोबरच आवळला होता. त्यांच्या हाताची किंवा कानाची काहीही चूक नव्हती.

टपरीवरून मी माझी पिशवी घ्यायला ताईंच्या घरी परत आलो. ताई भाऊंच्या खोलीत होत्या. खाटेशेजारी स्टुलावर टेबल फॅन चालू होता आणि तो खरडत होता, लोखंडावर लोखंड घासल्यासारखा. "किती दिवसांपासून असा वाजतो?" मी विचारलं.

"मोजले नाई," त्या म्हणाल्या. "मिस्त्री बोलवा म्हनत मले. अन मिस्त्री आला, त्यानं पेटी उघडली, का हे उठून अंगनात जाऊन उभे राहत. तो गेल्याशिवाय आत येत नसत. मंग मीच बोलवनं सोडून देल्लं."

त्यात फार काही नव्हतं. आतला बुश झिजला असणार, अर्ध्या तासाचं काम. मी बटन बंद केलं आणि जाळीच्या क्लिपेला हात घातला. "एक पेचकस द्या ताई, मी आत्ता करून देतो."

"तुमी नका हात लावू त्याले."

त्या ओरडल्या नाहीत. मी हात काढून घेतला. त्यांनी बटन दाबलं, पंखा पुन्हा खरडू लागला आणि त्या खाटेच्या काठावर, वाऱ्याच्या झोतात, भिंतीकडं तोंड करून बसल्या.  मी पिशवी उचलली. फाटकापर्यंत तो आवाज ऐकू येत होता.