बैलाच्या कपाळावरचा ठिपका
नव्वदच्या दशकाच्या शेवटी जगाला ज्याची नितांत गरज होती, ते काम मी इस्लामपुरात करत होतो: टीव्हीला जोडायच्या व्हिडिओ गेमसाठी बैलगाडी शर्यत लिहीत होतो. माझ्या भाड्याच्या खोलीत एक निवृत्त फौजी रोज पंख्याखाली येऊन बसत. घरमालकाला ते माझे काका वाटत, मला घरमालकाचे. त्यामुळे नाव कुणीच विचारलं नाही. चप्पल दाराबाहेर, एक पाय खुर्चीवर आणि सल्ला तयार.

माझा बैल वळणावर वळला की त्याची शिंगं कापली जायची आणि मोठा करायला गेलं की उलट शेळीएवढा व्हायचा. "खुराक कमी पडतोय," हे त्यांचं निदान.

महिनाभराने बैल सुधारला. गेम विकत घेणारी पुण्याची पार्टी दसऱ्यानंतर बघायला येणार होती. खंडेनवमीला फौजींनी टीव्हीची साग्रसंगीत पूजा केली.

दसऱ्याच्या सकाळी नवंच संकट. बैल वळायचा, पण त्याच्या कपाळावर कुठूनसा आलेला लाल ठिपका जागेवरच राहायचा. दिवसभर मी कोन बदलले, मध्यबिंदू हलवला, चालणारा प्रोग्रॅम उसवून ठेवला. मागून फौजी धीर देत होते, "हुतंय सायेब, दमानं घ्या."

संध्याकाळी त्यांनी ओल्या रुमालाने टीव्हीची काच पुसली. ठिपका गेला. पूजेचं कुंकू होतं ते. बैल मात्र आता जागचा हलेना.

"अहो, सकाळीच का नाही सांगितलंत?"

"मला वाटलं, तुमी काचेवरला टिळा फिरवायच्या नादात हायसा," ते शांतपणे म्हणाले. "म्हटलं, शिकल्यालं मानूस हाय. फिरला तर फिरला."