रुखसानाआपाची डावी बाजू

फोनवर युसुफभाईंचं नाव दिसलं तेव्हा मी ओट्यापाशी उभी होते. फोन वाजून थांबला, पुन्हा वाजला. आपाचे यजमान रत्नागिरीहून इतक्या सकाळी कशासाठी फोन करतील हे मला कळत होतं. उचलला नाही तर ते अजून थोडा वेळ खरं होणार नाही, असं काहीतरी मनाने धरलं होतं. शेवटी उचलला. "खलास झालं, मेधाताई," एवढंच ते म्हणाले. इथे मस्कतमध्ये 'संपलं' म्हणायला हाच अरबी शब्द दुकानात, टॅक्सीत, ऑफिसात सारखा कानावर पडतो... आता पडला की युसुफभाईंचा आवाज ऐकू येतो.

रुखसानाआपा इथल्या अल् घुब्रा भागातल्या एका भारतीय शाळेत चित्रकला शिकवायची. शुक्रवारी सकाळी तिच्या हॉलमध्ये आम्हा काही बायकांचा वर्ग भरे. मी चित्रकलेत ढ, जायचे ती तिचं बोलणं ऐकायला. त्या वर्षी तिने घनवाद, म्हणजे क्युबिझम, घेतला होता. पडदा सारून तिने समोरच्या उघड्या डोंगराला टेकलेली पांढरी, सपाट गच्च्यांची घरं दाखवली. "फ्रान्समध्ये शंभरेक वर्षांपूर्वी एकाने अशीच घरं काढली. दारं नाहीत, खिडक्या नाहीत. लोक म्हणाले, हे तर नुसते ठोकळे. चेष्टेतलं तेच नाव चिकटलं." त्याचा एक स्पॅनिश मित्र होता. त्या दोघांच्याही आधी एक म्हातारा चित्रकार गावाकडचा एकच डोंगर पुन्हापुन्हा रंगवत बसला होता, आणि या दोघांनी धडा घेतला तो त्याच्याकडून. आफ्रिकेतल्या लाकडी मुखवट्यांनी त्या स्पॅनिश मित्राला कसं हादरवलं, हेही तिने सांगितलं. पुढे दोघांनी बाटल्या, गिटारी, माणसं यांचे इतके तुकडे केले, की कुठलं चित्र कोणाचं हे लोकांना ओळखू येईना. "एका जागी उभं राहिलं की वस्तूची एकच बाजू दिसते," आपा म्हणायची. "त्यांना सगळ्या हव्या होत्या, एकाच वेळी."

एकदा आम्ही दोघी मासळी आणायला किनाऱ्यावरच्या बरका गावी गेलो. गाडी ती चालवत होती. परतताना चौकातल्या गोल रस्त्यावर डावीकडून पाण्याचा टँकर येत होता. इथे डावीकडच्याला आधी जाऊ द्यायचं असतं, पण आपाने वेग कमीच केला नाही. मी ओरडले. टँकरवाल्याने कसाबसा ब्रेक मारला, त्याचं लोखंड तिच्या काचेला जवळजवळ टेकलं. पुढे जाऊन तिने गाडी कडेला घेतली आणि शांतपणे विचारलं, "कुठून आला गं तो?"

त्या प्रश्नाने मला टँकरपेक्षा जास्त भीती वाटली.

मग हळूहळू तिने सांगितलं. "काही महिने झाले, डावीकडचं दिसत नाही. काळोख वगैरे नाही... तिकडे काही असतं, असंच वाटत नाही."

"युसुफभाईंना माहीत आहे?"

"नाही. शाळेत कळलं की नोकरी जाणार, मग व्हिसा. इन्शाल्ला, जाईल आपोआप."

मी चावी काढून घेतली. मला लायसन्स नुकतंच मिळालं होतं, हायवेवर मी कधी चालवली नव्हती. तिला घरी न नेता मी सरळ हॉस्पिटलात नेलं. वाटेत तिने एकदाच म्हटलं, "मेधा, मला घाबरायला होतंय." मी वेग थोडा वाढवला. तपासणीत मेंदूतली गाठ निघाली.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी तिने पुन्हा त्या फ्रेंच चित्रकाराचा विषय काढला. तो युद्धावर गेला, डोक्याला जखम झाली, कवटी उघडावी लागली, काही काळ डोळेही गेले. "आणि तो परत रंगवायला लागला," ती म्हणाली. माझ्याकडे बघत राहिली, मी दुजोरा द्यावा म्हणून. "हो, लागशील की तूही," मी म्हणाले.

आणि ती लागली. ऑपरेशननंतर डावीकडचंही पुन्हा दिसू लागलं होतं. हातात जोर नव्हता, म्हणून वर्तमानपत्राचे, खजुराच्या वेष्टनाचे कपटे चिकटवायची. त्या दोघांनीही शेवटी कागदच चिकटवले होते, असं हसून सांगायची. एके दिवशी तिने मला मोठं चित्र दाखवलं. उजवा अर्धा भाग कपट्यांनी गच्च भरलेला, डावा अर्धा कोरा.

"पूर्ण झालं, आपा?" मी विचारलं.

"मग? दिसत नाही?"

"दिसतंय," मी म्हणाले. जिन्यात येऊन कठडा धरून उभी राहिले. गाठ परतली होती. तिला कळण्याआधी ते मला कळलं होतं. थोड्याच दिवसांत युसुफभाई तिला घेऊन रत्नागिरीला गेले.

गेल्या आठवड्यात युसुफभाई इथलं घर रिकामं करायला आले, म्हणून मी भेटायला गेले. त्यांनी मला जेवणाच्या टेबलाशी बसवलं, चहा आणला. कप, पाण्याचा ग्लास, खारी, चमचा, सगळं माझ्या उजव्या हाताला, एकमेकाला खेटून मांडलं. ग्लास कडेवरून पडेल इतका बाहेर. डावीकडचं टेबल अख्खं मोकळं. मांडून झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की समोर आपा नाही. हात पुढे आला, थांबला, आणि ते खिडकीकडे बघत बसले.

मी ग्लास आत सरकवला नाही. चहा संपेपर्यंत मान वळवून डावीकडे बघायचं धाडस मला झालं नाही.